पप्पांचे ठिपके

पप्पा चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत पेंट शॉपला होते. तयार गाडीवर धुळीचा एक कण दिसला तरी ती मागे पाठवायची, हे त्यांचं काम. रिटायर झाले, पण नजर काही रिटायर झाली नाही. पिंपळे सौदागरला आमच्या सोसायटीत कुणी नवी गाडी आणली की ते पेढा खाता खाता बॉनेटवर वाकतात आणि मालकाला डाग शोधून देतात. हल्ली लोक पेढे घरपोच आणून देतात, गाडी बघायला बोलवत नाहीत.

अशा माणसाला मी पांढऱ्या रंगावर काळे शिंतोडे उडवायला सांगितलं, यातच माझी अक्कल दिसते.

काम माझ्या पीएचडीचं होतं. जुन्या विटांच्या भिंतींना बळकटी यावी म्हणून त्यांवर कार्बनच्या धाग्यांची पट्टी रेझिननं चिकटवतात. ती विटेवरून कुठून आणि कशी सुटायला लागते, हे मला बघायचं होतं. नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही. म्हणून पट्टीवर आणि विटांवर पांढरा रंग द्यायचा, त्यावर काळे ठिपके उडवायचे, मशीननं पट्टी ओढायची आणि कॅमेऱ्यानं सारखे फोटो घ्यायचे. कुठला ठिपका केसभर सरकला ते कॉम्प्युटर सांगतो. अट एकच, ठिपके वेडेवाकडे हवेत. सगळे एकसारखे असले तर कॉम्प्युटरला कुठला कोणता ते ओळखता येत नाही.

पप्पांनी ठिपके काढले ते रांगेत, एका मापाचे.

"पप्पा, घाण उडाल्यासारखं दिसायला पाहिजे."

"घानच करायची होती तर मला कशाला बसवलंस?" पप्पा परभणीकडचे. इतकी वर्षं इकडे काढली, पण चिडले की थेट गावी जातात.

पुन्हा पांढरा रंग दिला. या खेपेला ठिपके झकास विस्कटलेले आले. भोसरीतल्या एका वर्कशॉपच्या मशीनवर तो नमुना चढवला, दिवे लावले, पट्टी ओढली, ती सुटलीसुद्धा, आणि फोटोंत बघते तर नुसता लखलखाट. निस्तेज रंग पप्पांना बघवला नव्हता. त्यांनी वरून लॅकरचा हात मारून पॉलिश केलं होतं! आदल्या दिवशी ती चमक बघून मीही "काय सुंदर दिसतंय" म्हणाले होते, पण ते सोडा.

आता एकच नमुना उरला होता. तोही वाया गेला तर माझं सबमिशन सहा महिने पुढे जाणार होतं. मी पप्पांवर भडकले. "सांगितलं तेवढंच करत जा," असं म्हणाले आणि आवाज नको तितका चढला. त्या दिवशी जेवताना त्यांनी पोळीतसुद्धा खोट काढली नाही, तेव्हा मला फार वाईट वाटलं. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही, चहा करून देतात. मी दोनदा दिला.

शेवटचा नमुना पप्पांनी मी सांगितलं तसाच रंगवला. टेस्टच्या दिवशी माझे गाइड सर आले, पप्पाही इस्त्रीचा शर्ट घालून आले. पट्टी ओढली जाऊ लागली. पट्टी कुठे किती सरकली ते दाखवणारे रंग कॉम्प्युटरवर उमटत होते, फोटो लख्ख येत होते. मी खूश होते.

"ह्या कोपऱ्यातून सुटायलंय," पप्पा स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले. पाठोपाठ पट्टी फटकन निघाली, अपेक्षेपेक्षा निम्म्या ताकदीलाच.

सरांनी ती उलटी करून पाहिली. बाकी सगळीकडे विटेचा पापुद्रा पट्टीबरोबर आला होता, म्हणजे तिथे ती नीट चिकटली होती. त्या कोपऱ्यात मात्र नुसती लाल भुकटी होती.

"इथे धूळ राहिली," सर म्हणाले. "पट्टी लावायच्या आधी वीट कोणी पुसली होती?"

मी पुसली होती. मध्येच फोन आला आणि तो कोपरा राहिला, हे मला त्या क्षणी आठवलं.

"माझ्याकडून राहिली, सर," पप्पा म्हणाले.

पट्टी लावली तेव्हा पप्पा तिथे नव्हतेसुद्धा. सगळ्या नोकरीत त्यांनी धुळीचा एक कण कधी आपला म्हणून कबूल केला नव्हता. त्यासाठी सुपरवायझरशी भांडले होते, एक इंक्रिमेंट घालवून बसले होते. आता सरांसमोर मान खाली घालून उभे होते. मला रडूच आलं.

"नाही सर. मीच पुसायची विसरले."

सरांनी पट्टी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "नवा नमुना करा." सहा महिने गेले.

बाहेर स्कूटरपाशी आलो तरी पप्पा घुश्शात. हेल्मेटचा पट्टा लावता लावता म्हणाले, "कशाला बोललीस मधीच? मी घेतलं होतं की अंगावर."