वन्समोर आणि पडद्याचा दोर

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. मुरूमच्या जत्रेतल्या नाटकात मी गादीच्या हावेपायी शेवटी मरणारा राजा होतो. भाड्याच्या पडद्यांबरोबर पडदा ओढणारा एक माणूस आला होता; तो दोर पायाच्या अंगठ्याला गुंडाळून बसे आणि तालमीतही वैताग आणी. "मालक, मरायला किती वेळ लावताय?"

प्रयोगात माझ्या मरणाला वन्समोर मिळाला. यानं पडदा उघडलाच नाही. "मेलेला राजा उठतोय व्हय? लोकं रडायलीत, रडू द्या की."

मी पडद्यांच्या ठेकेदाराला सांगून त्याचं काम घालवलं. पुढच्या वर्षी वन्समोर मिळताच नव्या माणसानं पडदा उघडला. मी उठून परत मेलो, तर सगळी जत्रा हसली.

नंतर तो जुना पडदेवाला येडशी स्टेशनवर हमाली करताना दिसला. माफी मागायला जवळ गेलो, तर म्हणाला, "मालक, आता एकदाच मरताय ना?"

मी चिडून गाडीत चढलो. माफी माझ्याजवळच राहिली.