वाळूतलं पाणी

गेल्या शनिवारी जिंतूरच्या डोंगरात आम्ही पाच मैत्रिणींनी ओढ्याकाठी तंबू ठोकले आणि लक्षात आलं, प्यायचं पाणीच नाही. दोन्ही जार पिंगळीला आमच्या घराच्या ओट्यावर राहिले होते. सामानाची यादी माझ्याकडे... आणि 'पाणी'पुढे टिकसुद्धा मारलेली!

मी कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघणारी. त्यामुळे टोमणे बसलेच. "मॅडम, आता टिक प्यायची का?" रेश्मा म्हणाली.

गाडी आम्हाला सोडून गेलेली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी येणार. ओढ्याला पाणी होतं, पण त्यात नुकत्याच म्हशी डुंबून गेलेल्या. ऊन आहे तोवर पायी परत निघू, असं दोघी म्हणायला लागल्या.

मी म्हटलं, तासभर द्या. झिरा काढते.

शाळेत नाव घालायच्या आधी पप्पांनी मला घरीच शिकवलं. अक्षरं, पाढे आणि नदीच्या वाळूत झिरा काढणं. प्रवाहापासून चार पावलं लांब, हातभर खोल खड्डा. पहिलं झिरपलेलं पाणी तीनदा उपसून टाकायचं आणि मग थांबायचं... थांबणं मला कधीच जमत नाही, पण त्या दिवशी थांबले आणि हातही चुकले नाहीत. चौथ्यांदा तळाची वाळू लख्ख दिसायला लागली.

पप्पांना हे आजीनं शिकवलेलं. तिच्या काळी आमच्या वस्तीतल्या बायांनी झिरा गावच्या झिऱ्यापासून लांब, खालच्या अंगालाच काढायचा, असा दंडक होता.

तेवढ्यात शेळ्या घेऊन एक मावशी आल्या. वाकून बघितलं. "कडंनं दगडं लाव गं, वाळू ढासळंल. कुनी शिकविलं तुला?"

"पप्पांनी."

"कोन्या गावची? आडनाव काय?"

आजी आठवली... क्षणभरच. मग मी गाव सांगितलं, आडनावही सांगितलं. न चाचरता.

मावशी ओंजळभर पाणी प्यायल्या. "ग्वाड हाय," म्हणाल्या आणि पिशवीतली रिकामी बाटली माझ्यापुढे धरली. "माजी बी भर. सकाळपून हिंडायलेय शेळ्यामागं."

मी काठोकाठ भरून दिली. आमच्यासाठी मात्र पाणी उकळून घेतलं. ते पप्पांनी शिकवलेलं नाही, ते माझं! परत जायचा विषय कुणी काढला नाही. रेश्मानं तर दोनदा चहा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी रेंज आल्यावर पप्पांना फोन केला. सगळं सांगितलं, आडनावाचं, बाटलीचं. त्यांनी एवढंच विचारलं, "पहिलं पाणी तीनदा उपसलंस ना?"

उपसलं, पप्पा. मोजून तीनदा.