दोन उन्हाळे टिकलेला बँड

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळात ज्येष्ठांच्या बैठकीत दर महिन्याला एकजण आपल्या कामाविषयी बोलतो. डॉक्टर बोलून झाले, गाड्यांचे इंजिनिअर झाले. माझी पाळी आली तेव्हा धास्ती एकच होती, कोणी शिक्षण विचारलं तर? मी नववीत शाळा सोडलेला. मुलगी गाडी चालवता चालवता म्हणाली, "कॅन्सल करू का, बाबा?" मी नको म्हणालो. तरुणपणी मी ज्या बँडमध्ये वाजवायचो, त्याबद्दल माझ्याइतकं सांगू शकणारा त्या खोलीत दुसरा कोण होता?

उभा राहून सरळ सुरुवात केली. डिस्कोचे दिवस, इंग्लंड. मी मामाकडे राहायचो, बेकरीत पाव भाजायचो. शेजारच्या भट्टीवरचा, जमैकातून आलेला माणूस बेस गिटार वाजवायचा. मामाच्या घरच्या भजनात त्याने माझी ढोलकी ऐकली आणि मला बँडमध्ये ओढलं. पहिल्याच तालमीला मी एकही जागा रिकामी ठेवली नाही. भजनातली सवय. तो वाजवायचा थांबला. म्हणाला, "पहिल्या ठोक्यावर जोरात मार आणि हात वर घे. नाचणाऱ्याला पाय टाकायला जागा नको का?" म्हणजे सम धरायची आणि पुढचं सोडून द्यायचं. मला ते लवकर जमेना, तरी त्याने मला काढलं नाही. ते उपकार मी विसरलेलो नाही.

पुढच्या रांगेतल्या हृदयाच्या डॉक्टरांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही नाचायचात पण?"

"नाही हो, आम्ही नाचवायचो."

लोक हसले. मग मी मोकळा झालो. एक रेकॉर्ड निघाली, दोन उन्हाळे हॉल भरले. नंतर हॉलवाल्यांना सहा वाजवणाऱ्यांपेक्षा रेकॉर्ड लावणारा एकटा माणूस परवडू लागला. आमच्या बँडमधल्या गाणारीचं लग्न झालं, ती दुसऱ्या गावी गेली. भांडण नाही, काही नाही. शेवटच्या दिवशी व्हॅनमधून सामान उतरवलं, चहा घेतला आणि सगळे आपापल्या घरी गेलो.

"शिक्षण तिकडेच का तुमचं?" डॉक्टरांनी विचारलंच.

"नववीपर्यंत. कोल्हापूरला," मी म्हणालो.

"बरं. आणि तो बेसवाला कुठे असतो आता?"

"तिकडेच. गुडघे बदललेत त्याने."

"दोन्ही?"

"दोन्ही. तरी उभ्यानेच वाजवतो."