बारावं घर
परवा जुन्या वहीतून आलेखाचा घडी घातलेला कागद खाली पडला, आणि किल्लारीतल्या काकांच्या खोलीतली ती दुपार, तापलेल्या पत्र्याच्या वासासकट आठवली. तेव्हा मी नांदेडला एमएस्सी करत होतो. एखादी गोष्ट कॉम्प्युटरला कमीत कमी किती शब्दांत सांगता येते, हे नुकतंच शिकलो होतो आणि दिसेल ते मोजत सुटलो होतो. भूकंपानंतर वसवलेलं नवं गाव मी काकांना दोन ओळींत बसवून दाखवलं: इतक्या रांगा, रांगेत इतकी घरं, सगळी सारखी. मग म्हणालो, "आता जुनं गाव सांगा." काका डोळे मिटून वेशीतून आत शिरले. "पहिलं सुताराचं. तिथं गल्ली वाकडी व्हती. मग कासारणीचं, त्याचं दार मागून. म्होरं लिंब, लिंबाखाली मास्तराचं..." मी लिहीत होतो, नियम शोधत होतो, आणि तो काही सापडत नव्हता. अकराव्या घराला मी वैतागलो. "काका, एवढं नको, थोडक्यात सांगा की." त्यांनी डोळे उघडले. "थोडक्यात न्हाई येत, बाबा. एक घर गाळलं तर ते गेलंच." ते उठून बाहेर गेले, आणि पुन्हा जुन्या गावाचा विषय त्यांनी माझ्यापुढे कधीच काढला नाही. आता लातूरला मी पोरांना हेच शिकवतो, की ज्याला नियम नाही ते अख्खंच सांगावं लागतं. काका मागच्या वर्षी गेले. कागदावर अकरा घरं आहेत. बाराव्याच्या जागी, माझ्याच अक्षरात, 'इत्यादी' लिहिलंय.