डिंकातली पावलं

रंगकाम आपल्याला येत नाही, हे मला रंग देऊन झाल्यावर कळलं.

बाबा गेल्यावर आईला अमळनेरहून सुरतेला कायमची आणायचं मी ठरवलं. ती तयार नव्हती. "करमलं तर राहीन, नाहीतर चौथ्या दिवशी परत," एवढंच म्हणाली. म्हणून कतारगामच्या आमच्या तळमजल्यावरच्या घरातली मागची खोली तिच्यासाठी मी स्वतः रंगवायला काढली. पांढऱ्या फरशीवर वर्तमानपत्रं अंथरली आणि ती हलू नयेत म्हणून मास्किंग टेपनं चिकटवली. आडवी, उभी, तिरकी, जिथं सुचेल तिथं! मग आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गावी गेलो आणि पंधरा दिवस तिथंच रमलो. खोली बंद, आणि वर सुरतेचा उन्हाळा.

परत आलो तर कागद निघाले, टेप निघेना. नखाएवढा तुकडा हातात यायचा, डिंक खाली तसाच.

"अहो, कुणाला तरी विचारा," दारातून संगीता म्हणाली. (संगीता म्हणजे बायको. म्हणजे दारातूनच बोलणार.)

"सतरा वर्षं सचिन गावातल्या डाइंग मिलमध्ये कापड रंगवतोय मी. मला डाग शिकवतेस?"

गरम पाणी ओतलं, डिंक मऊ झाला आणि पसरला. थिनर लावलं, आणखी पसरला. शेवटी खोबरेल ओतलं आणि लगेच फडक्यानं पुसून काढलं. फरशी चकाचक! डिंक कुठंच दिसेना. (सगळीकडे सारखा पसरला की तो दिसत नाही.) खिडकी उघडी ठेवली, दाराला बाहेरून कडी लावली आणि जाहीर केलं, "वाळू दे. आई येईपर्यंत कुणी आत जायचं नाही."

तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. आजूबाजूच्या कारखान्यांतले कापडाचे लूम एकदम थांबले. आमच्या गल्लीत खटखट असली की जिवंत वाटतं. ती थांबली की कानात कुणीतरी बोळा घातल्यासारखं होतं. त्या शांततेत संगीता कडी काढून डोकावली आणि किंचाळली.

खिडकीखाली, भिंतीला अगदी लागून, एक काळं पाऊल उमटलं होतं. बोटं आमच्याकडे.

"तुम्ही गेला होता आत?"

"छे! कडी बाहेरून होती ना?"

दुसऱ्या दिवशी पावलं दोन झाली. त्याच्या पुढच्या दिवशी तीन. परत जाणारं एकही नाही. कुणीतरी भिंतीतून निघालं होतं आणि रोज फक्त एक पाऊल टाकत दाराकडे येत होतं. चोर एवढा संथ नसतो!

शेजारच्या हंसाबेनना बोलावलं. त्यांनी उंबऱ्यावरूनच पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "भाई, आ तो कोई अंदर आवे छे!"

"ते आम्हालाही दिसतंय हो," मी म्हणालो. आवाज माझा वाटला नाही.

आई आली तेव्हा पावलं सहा झाली होती आणि दार दोन हातांवर होतं. मी तिला स्वयंपाकघरात अडकवायला बघत होतो, पण ती पिशवी ठेवून सरळ मागच्या खोलीत गेली. उकिडवी बसली. पावलाच्या अंगठ्याजवळच्या लांब बोटावर तिनं आपलं बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "हाऊ तुना बापना पाय शे." (आई अहिराणीतच बोलते. बाकीचं मी मराठीत सांगतो, पण हे वाक्य मराठीत सांगितलं तर अंगावर काटा येत नाही.)

खरंच, बाबांचं ते बोट अंगठ्यापेक्षा लांब होतं! माझे गुडघे आपोआप टेकले, हात आपोआप जोडले गेले आणि तोंड आपोआप सुटलं.

"बाबा, रेडिओ मांजरानं पाडला नव्हता, मी पाडला."

आई बोट तसंच ठेवून माझ्याकडे बघत होती.

"बाबा, बारावीचा गणिताचा पेपर अवघड नव्हता. मी गेलोच नव्हतो."

संगीता दारात सरसावून उभी राहिली. मला थांबता येईना.

"आणि शेवटच्या आठवड्यात तुम्ही भेटायला बोलावलंत ना, तेव्हा ओव्हरटाइम नव्हता. मी डुमसच्या समुद्रकिनाऱ्यावर भजी खात होतो. मला वाटलं, पुढच्या रविवारी जाऊ…" इथं मला खरंच रडू आलं.

थोड्या वेळानं संगीता म्हणाली, "अहो, तुमचा पाय ठेवा बरं त्याच्यावर."

ठेवला. टाचेपासून त्या लांब बोटापर्यंत तंतोतंत बसला.

मग आठवलं. त्या दिवशी पुसताना मी दाराला आतून कडी लावली होती आणि दाराकडून खिडकीकडे पुसत गेलो होतो. खिडकीला ग्रिल अजून बसली नव्हती, म्हणून ओल्या फरशीवर पाय नको म्हणत तिथूनच बाहेर उडी मारली. बाहेर पडल्यावर आठवलं की कडी आत! पुन्हा खिडकीतून चढून, अनवाणी खोली ओलांडून दार उघडलं. हे घरात सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून नाही सांगितलं. माझ्या तळव्यांनी तेल उचललं होतं, खाली डिंक उघडा पडला होता. लूमवरून उडणारी काळी कसपटं खिडकीतून येऊन आधी जवळच्या पावलाला चिकटली, मग त्याच्या पुढच्याला.

आईनं पदर खोचला. फरशीवर खोबरेल ओतलं, पण पुसलं नाही. दोन तास मुरू दिलं. मग वरून गव्हाचं पीठ भुरभुरवलं, प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडलं, तसा डिंक गोळे होऊन निघून आला. शेवटी साबणाचं गरम पाणी. मी शेजारी बसून बघत होतो.

"आई, तुला खरंच बाबांचे पाय वाटले?"

"तुझ्या बापानं जन्मात रोज एकच पाऊल टाकलं नाही. दिवसाला दहा मैल तुडवायचा तो. पाय त्याच्याच वळणाचा, पण तुझा. मी बोट लावलं तेव्हाच खोबरेलाचा वास आला."

"मग बोलली का नाहीस? मी तिथं हात जोडून बसलो होतो!"

आईनं पट्टी फडक्याला पुसली. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा खरं बोलत होतास. मध्येच कशाला थांबवू? आणि मी आता इथंच राहते. तुझं अजून बरंच ऐकायचं राहिलंय."