पत्ता दोनदा नको

कचेरीत तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा, आणि हाक आली की पाठोपाठ काम आलंच. चारही मजल्यांवरचे लॅपटॉप तिच्या गळ्यात. आज मात्र ताईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. उद्या सकाळी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आणि आई पक्की भित्री. "तू हात धरलास तरच मी आत जाईन," असं तिने फोनवर बजावलं होतं. गावाची शेवटची गाडी संध्याकाळची.

रजा मंजूर होती, पण एका अटीवर. संध्याकाळपासून नेटवर्कला नवं कुलूप लागणार होतं. लॅपटॉपला नेटवर्कशी जोडणारा भाग म्हणजे अडॅप्टर; यादीत ज्या अडॅप्टरचा पत्ता असेल त्यालाच आत प्रवेश. ती यादी देऊन ताईने खुशाल जावं. "फक्त एकही पत्ता दोनदा नको," साहेब म्हणाले.

ताईने त्यासाठी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली. ती प्रत्येक लॅपटॉपला विचारायची, बाबा रे, तुझ्याकडे नेटवर्कचे अडॅप्टर कोणते आणि त्यांचे पत्ते काय? साधा प्रश्न, पण एकेक लॅपटॉप असा बोलघेवडा की विचारू नका. आतलं वायरलेस सांगायचा, ब्लूटूथ सांगायचा, कधीच काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरचे नकली अडॅप्टरही कौतुकाने सांगायचा. ताईने ब्लूटूथ आणि नकली सगळे गाळले. तरी तेच ते पत्ते पुन्हा येत, आणि साहेब यादी परत पाठवत. तिच्या डोक्याची नुसती मंडई झाली.

दुपारी तिने समोर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. या लॅपटॉपना वायर थेट लागत नसे, मध्ये डोंगल नावाचा छोटा अडॅप्टर लागे. डोंगल मोजकीच, म्हणून लोक ती या टेबलावरून त्या टेबलावर फिरवत. डोंगल जिथे जाईल तिथे त्याचा पत्ताही जाई, आणि एकच पत्ता दोन लॅपटॉप सांगत.

"मेली ती डोंगलं!" म्हणत ताईने रागाच्या भरात सगळीच गाळून टाकली. प्रत्येक लॅपटॉपचा आतल्या वायरलेसचा पत्ता तेवढा ठेवला. यादी लख्ख झाली. साहेब म्हणाले, "शाब्बास!" संध्याकाळ होताच ताईने पिशवी खांद्याला लावली.

ती दारापर्यंत पोचते तोच नवं कुलूप लागलं आणि मागून आवाज आला, "ताई, नेट गेलं!" मग दुसरा. मग जिन्यावरूनही.

ती मागे फिरली. लोक नेटवर्कमध्ये येत होते ते डोंगलमधूनच. वायरलेस तर साहेबांच्या हुकमावरून तिनेच सगळीकडे बंद करून ठेवलं होतं. आता ते सुरू करायचं तर स्क्रिप्टही कामाची नव्हती, कारण नेटवर्कपासून तुटलेल्या लॅपटॉपपर्यंत ती पोचणार कशी? प्रत्येक टेबलाशी जाऊन, स्वतःचा पासवर्ड घालून, हाताने करायचं.

"साहेब, आजच्यापुरतं कुलूप उघडा ना."

"ते वरून लागतं, ताई. यादीही आता उद्याच बदलता येईल. माझ्या हातात असतं तर..."

पिशवी खुर्चीवर टाकून तिने आईला फोन लावला. ताईला स्वतःचाच संताप आला होता.

"आई, गाडी चुकतेय माझी."

"अगं, मग काय झालं? मी कुठे घाबरते? दादा आहे ना इथे. तू तुझं काम कर." मग आईने हळूच विचारलं, "सकाळची पहिली गाडी केव्हा पोचते गं?"

"दुपारी," ताई म्हणाली, आणि कुणीतरी आपला लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.