आवडाबाईंनी परत न पाठवलेली डबी

छातीच्या वॉर्डात डॉक्टर बरेच होते, पण बेडका ओळखावा तर आवडाबाईंनीच. त्या तिथल्या नमुने गोळा करणाऱ्या मावशी. रोज सकाळी फुलंब्रीहून एसटीनं यायच्या आणि आल्या आल्या पेशंटच्या हातात झाकणाची डबी द्यायच्या. "थुंकी नगं मला. छातीतून काढा, खोलातून." डबी परत आली की खिडकीपाशी उजेडात धरायच्या. पातळ, फेसाळ दिसलं की डबी कचऱ्यात आणि नवी हातात. घट्ट, पिवळट, डबीला धरून बसलेलं असलं तरच पुढे जायचं. एका पुढाऱ्याला त्यांनी चार वेळा परत पाठवलं होतं. तो चिडला, तर म्हणाल्या, "भाषण तोंडातून व्हतंय साहेब, हे नाय व्हत."

गेल्या वर्षी वॉर्डात कागदाच्या पट्ट्या आल्या. बोटाएवढा कागद, त्यावर पातळ केलेल्या बेडक्याचा थेंब टाकायचा. छातीत साध्या औषधाला न जुमानणारा हट्टी जंतू असला तर अर्ध्या तासात निळा ठिपका उमटायचा आणि जबर औषध लगेच सुरू व्हायचं. एरवी लॅबच्या रिपोर्टची तीन दिवस वाट बघा. हे काम डॉक्टर युसरा पाहायची. पोरगी हुशार, आणि मुख्य म्हणजे बाईंचं ऐकणारी. "मावशी, कागदाला स्वतःचं काही कळत नाही," ती म्हणायची. "तुम्ही द्याल त्यावर तो बोलतो." बाईंनी हे नवऱ्याला दहादा तरी ऐकवलं असेल.

तेच त्यांचे यजमान, साहेबराव, पौषात तापानं फणफणत त्याच वॉर्डात आले. चिकलठाण्याच्या फाउंड्रीत तीस वर्षं धूळ खाल्लेली छाती. श्वास घेताना बरगड्या मोजता येत होत्या. आवडाबाईंनी त्यांच्या हातात डबी दिली.

साहेबरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. जन्मात बायकोसमोर ते कधी खाकरले नव्हते. टॉवेल तोंडाशी धरून हळूच दोनदा खोकले आणि डबी पुढे केली. "झालं. लई दमलो गं."

बाईंनी डबी खिडकीपाशी नेली. पातळ. फेसाळ. दुसऱ्या कुणाची असती तर एव्हाना कचऱ्यात गेली असती. "आजून एकदा काढता का?" त्यांनी विचारलं. वॉर्डात त्यांनी कुणाला असं विचारलं नव्हतं, त्या फर्मावायच्या. साहेबरावांनी डोळे मिटूनच नाही म्हटलं. बाईंनी झाकण लावलं आणि फॉर्मवर 'नमुना पाहिला' याच्यापुढे सही केली.

कागद पांढराच राहिला. "साधं औषध पुरेल मावशी, काळजी करू नका," युसरा हसत सांगून गेली. कागद कशावर बोलला हे बाईंना ठाऊक होतं. तरी त्यांना इतकं बरं वाटलं की दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी पोटभर भाकरी खाल्ली.

ताप काही उतरेना. दुसऱ्या दिवशी त्या नवी डबी घेऊन कॉटपाशी दोनदा गेल्या. दोन्ही वेळा साहेबरावांची उशी सारखी करून, डबी पदराखाली धरून परत आल्या. तिसऱ्या दिवशी साहेबरावांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला आणि त्या पहिल्या डबीचा लॅबचा रिपोर्ट आला. त्यात जंतूचं नावच नव्हतं. 'नमुन्यात फक्त लाळ. पुन्हा पाठवावा.'

युसरानं तो दोनदा वाचला. "मावशी, ही डबी कुणी घेतली?"

"म्या."

"आणि पाहिली नाहीत?"

"पाह्यली व्हती."

युसरा कॉटकडे वळली. तिनं स्वतः नळी घालून छातीतला नमुना काढला. कागदावर दहा मिनिटांतच गर्द निळा ठिपका आला. जबर औषध चढलं, पण तोवर विष रक्तात भिनलं होतं. पाचव्या दिवशी दुपारी साहेबराव गेले. वॉर्डात कुणी बाईंना एका शब्दानं बोललं नाही. बोललं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

तेराव्यानंतर त्या कामावर आल्या. सिल्लोडकडच्या एका बाईनं नवऱ्याची डबी आणून दिली. आवडाबाईंनी ती उजेडात धरली, कचऱ्यात टाकली आणि नवी काढली.

"मावशी, घ्या ना तीच," ती बाई काकुळतीला आली. "लई दमलेत वो ते."

"आमचेबी दमले व्हते," आवडाबाई म्हणाल्या, आणि नवी डबी तिच्या हातात दिली.